नवा डिजिटल पियानो आणि पट्ट्यांची खटखट

पियानो घरी येतो, खोक्यातून निघतो, स्टँडवर चढतो. पहिले दोन दिवस हौसेत जातात. तिसऱ्या रात्री हेडफोन लावून वाजवायला बसावं, तर शेजारच्या खोलीतून हाक येते, "काय ठोकत बसलायस?" आपल्या कानात सुरेल पियानो चालू असतो आणि बाकीच्यांना ऐकू येत असते ती नुसती धपधप आणि टकटक. मग आपण हेडफोन काढतो, एकेक पट्टी दाबून बघतो आणि पोटात गोळा येतो. एवढी रक्कम मोजून आणलेलं वाद्य बिघडलेलंच आलं की काय?

बहुतेक वेळा तसं नसतं. पण कधीकधी असतंही, आणि ते शोधायची योग्य वेळ हीच, कारण परत देण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत आत्ता चालू आहे. "सगळ्यांचेच वाजतात हो" म्हणून सोडून देऊ नका आणि पहिल्याच खटक्याला पियानो पुन्हा खोक्यात घालायलाही धावू नका. मी एकच कसोटी लावतो. सगळ्या पट्ट्या सारख्याच वाजत असतील तर तो त्या यंत्रणेचा स्वभाव. एखादीच पट्टी शेजारणींपेक्षा वेगळी वाजत असेल तर तो दोष. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकासाठी आहेत.

आत आदळतं ते काय?

डिजिटल पियानोत तारा नसतात, पण यंत्र बरंच असतं. ८८ पट्ट्या, त्यातल्या ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. हॅमर ॲक्शनच्या पियानोत प्रत्येक पट्टीला एक वजनदार दांडा जोडलेला असतो, त्यालाच हातोडी म्हणतात. पट्टी दाबली की तिचं पुढचं टोक साधारण एक सेंटिमीटर खाली जातं आणि बहुतेक रचनांत त्या दाबाने हातोडीचं जड टोक वर उचललं जातं. बोटाला जाणवणारा भार तो हाच. पट्टी तळाला टेकते तिथे फेल्टची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारख्या कापडाची, गादी असते. हातोडीला थांबवायलाही तशीच गादी. बोट उचललं की हातोडी आपल्या वजनाने परत पडते, पट्टीला वर ढकलते आणि तिथे पुन्हा एक थांबा लागतो. म्हणजे एका सुरामागे दोन आघात, एक जाताना आणि एक येताना. नवख्या वादकाला पहिला लगेच कळतो. दुसऱ्याकडे लक्ष जात नाही, आणि पुष्कळदा डोक्यात जाणारी टकटक त्या दुसऱ्याचीच असते.

सूर मात्र या आदळण्यातून निघत नाही. पट्टीखाली रबराच्या छोट्या टोप्या असतात, त्यांत दोन किंवा तीन सेन्सर. एक सेन्सर दबल्यापासून दुसरा दबेपर्यंत किती वेळ गेला, यावरून पियानो ठरवतो की तुम्ही किती जोरात वाजवलंत. पट्टी तळाला पोचेपर्यंत ही मोजणी संपलेली असते. तळाला पोचल्यावर बोटात उरलेलं बळ सुरात जात नाही, ते स्टँडमधून जमिनीत जातं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तारांच्या पियानोतही असे आघात होतात, किंबहुना त्याच्यात हलणारे भाग जास्त. फक्त तारांचा आवाज एवढा मोठा असतो की त्याखाली ते दडपून जातात. डिजिटल पियानोचा आवाज आपण बारीक करतो किंवा हेडफोनमध्ये वळवतो, आणि पांघरूण काढल्यासारखी आतली खटखट उघडी पडते. महागडी, लाकडी पट्ट्यांची यंत्रणा घेतली म्हणजे ती शांत असेलच असंही नाही. हातोडी जड असेल तर धप्प आवाजही जडच येतो.

पायरी १: आवाज येतोय कुठून?

पियानो बंद करा. आवाज शून्यावर आणू नका, सरळ वीजच बंद करा. आता पट्ट्या वाजवा. जे ऐकू येतंय ते निव्वळ यंत्राचं. जो आवाज पियानो चालू असतानाच येतो आणि बंद केल्यावर गायब होतो, त्याचा पट्टीशी संबंध नाही.

हे सांगायचं कारण असं की आजकालचे अनेक डिजिटल पियानो मुद्दाम खटखट वाजवतात. खऱ्या पियानोत पट्टी सोडताना, डँपर, म्हणजे तारेचा सूर थांबवणारी फेल्टची गादी, तारेवर बसताना, पेडल दाबताना जे बारीक आवाज होतात, ते उत्पादक ध्वनीत मिसळून देतात. हेडफोनमध्ये ते फार जवळून ऐकू येतात आणि नवख्याला वाटतं, पट्टी ढिली आहे. रोलँडच्या बऱ्याच मॉडेलांत 'पियानो डिझायनर' आणि कवाईच्या मॉडेलांत 'व्हर्च्युअल टेक्निशियन' नावाच्या सेटिंगमध्ये हे आवाज कमी-जास्त करता येतात. इतर कंपन्यांच्या पियानोतही 'की-ऑफ' किंवा 'डँपर नॉइज' अशा नावाखाली शोधा. सेटिंग शून्यावर नेल्यावर तक्रार मिटली, तर हा लेख इथेच ठेवला तरी चालेल.

पायरी २: पियानो सोडून बाकीचे संशयित

माझ्या पियानोत खालच्या सप्तकातला एकच सूर वाजवला की कुठेतरी झिणझिण व्हायची. मी चार दिवस त्या पट्टीवर संशय घेतला. दोषी निघाला वहीचा स्टँड. त्याचा पत्रा खाचेत नीट बसला नव्हता आणि त्या एका सुराला थरथरायचा. हात ठेवला की गप्प. त्यामुळे पट्टीला दोष देण्याआधी एवढं करा.

वहीचा स्टँड काढून ठेवा. झाकण असेल तर पूर्ण उघडा, अर्धवट ठेवू नका. पियानोवर पेन, चष्मा, मोबाइल, मेट्रोनोम काहीही नको. अडॅप्टरची वायर मागच्या बाजूला थडथडत नाही ना, पाहा. स्टँडचे सगळे बोल्ट एकदा घट्ट करा. जोडणी करताना आपण ते उभ्या-उभ्या, घाईत आवळलेले असतात आणि आठवडाभर वाजवल्यावर त्यातला एखादा हमखास ढिला होतो. फर्निचरसारखा कॅबिनेट पियानो असेल तर पेडलच्या पट्ट्याखाली मधोमध एक फिरवायचा पाया असतो. तो जमिनीला टेकेपर्यंत खाली आणायचा असतो, आणि जोडणारी माणसं तो हटकून विसरतात. पेडल दाबल्यावर येणारी करकर निम्म्या वेळा तिथेच थांबते.

पॅकिंगचाही तुकडा शोधा. पट्ट्यांवरची फोमची शीट आपण काढतो, पण कडेला थर्माकोलचा दाणा किंवा चिकटपट्टीचा कपटा अडकून राहतो. विजेरी घेऊन पट्ट्यांच्या फटींतून नजर टाका. काही दिसलं तर चिमट्याने अलगद उचला. सुई किंवा सुरी आत घालून टोकरू नका, वस्तू आणखी खोल जाते.

आणि हो, नखं. वाढलेल्या नखांचा प्लॅस्टिकवर होणारा टकटक आवाज पियानोचा समजून काळजीत पडलेली माणसं मी पाहिली आहेत. अंगठीचंही तेच.

पायरी ३: अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांची हजेरी

या कामाला अर्धा तास लागतो आणि तो घालवण्यासारखा आहे. खोली शांत हवी. पंखा बंद करा. पियानो बंदच.

डाव्या टोकाची पट्टी १ आणि उजव्या टोकाची ८८ धरा, म्हणजे सुरांची नावं येत नसली तरी अडत नाही. प्रत्येक पट्टीवर तीन गोष्टी करा. आधी ती इतकी हळू दाबा की खाली जायला दोन सेकंद लागतील, आणि तितक्याच हळू सोडा. घर्षणाचे आवाज, कुरकुर आणि चिरचिर, फक्त अशा संथ दाबण्यात पकडता येतात. मग नेहमीच्या जोराने एकदा वाजवा आणि बोट झटकन उचला. शेवटी पट्टी न दाबता, चिमटीत धरल्यासारखी डावी-उजवीकडे हलवून पाहा. थोडी हलणारच. तेवढी मोकळीक नसेल तर पट्टी अडकून बसेल. प्रश्न एवढाच की ती शेजारच्या पट्टीपेक्षा जास्त हलते का.

तुलना करताना मात्र एक मेख आहे. पांढऱ्या पट्टीची तुलना काळीशी करू नका, त्यांची घडण वेगळी. खालच्या सप्तकातल्या पट्टीची वरच्या टोकाशीही करू नका, कारण बऱ्याच पियानोंत खालच्या सुरांच्या हातोड्या जड आणि वरच्या हलक्या ठेवलेल्या असतात, आणि त्यामुळे खालची धपधप जास्त भारी लागते. तुलना करा ती शेजारच्या सप्तकातल्या त्याच पट्टीशी. सी तर सी, एफ शार्प तर एफ शार्प. बारा पट्ट्या पुढे किंवा बारा मागे. दोघींचा आकार सारखा असतो, त्यामुळे फरक दिसला तर तो खरा फरक.

संशय येईल त्या पट्टीचा आकडा कागदावर लिहा आणि पुढे जा. तिथेच थांबून तिला वीस वेळा वाजवत बसलात की कान बधिर होतात आणि मग सगळ्याच पट्ट्या बिघडलेल्या वाटू लागतात. यादी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. आदल्या दिवशीच्या संशयितांपैकी काही जणी आपोआप सुटतात.

पायरी ४: आवाजाला नाव द्या

सेवा केंद्राला "पट्टी वाजते" असं सांगितलं तर समोरचा हसेल, पट्टी वाजण्यासाठीच असते. आपल्या भाषेत आवाजांना शब्दांचा तोटा नाही, ते वापरा. दुरुस्ती करणाऱ्यालाही त्यातूनच दिशा मिळते.

'धप्प' हा तळाचा आवाज. मऊ, बसका, सगळीकडे सारखा. फेल्टची गादी आपलं काम करतेय याची ही खूण. तो कमी करता येतो, दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नसतं.

'टक' किंवा 'खट' कोरडा आणि टणक असतो, प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक आपटल्यासारखा. सगळ्या पट्ट्यांना वर येताना हलकी टक असेल तर ती रचनाच तशी. पण शेजारच्या पट्ट्या धप्प म्हणत असताना एकच खट म्हणत असेल, तर तिच्याखालची गादी सरकलेली, सुटलेली किंवा बसवायची राहिलेली असू शकते. हा दोष आहे. सवयीने तो जाणार नाही.

'कुरकुर' आणि 'चिरचिर' घर्षणाच्या. पट्टी आणि हातोडी जिथे एकमेकींवर घासतात तिथे कारखान्यात वंगण लावलेलं असतं. ते कमी पडलं किंवा भलतीकडे गेलं की अशी तक्रार येते. नव्या पियानोत एका-दोन पट्ट्यांना ती असली तर तंत्रज्ञाचं काम साधं असतं, पण ते त्यानेच करावं.

'खुळखुळ' म्हणजे काहीतरी सुटं आहे. पट्टी हलवल्यावर ती होते की सूर वाजल्यावर, हे नीट पाहा. सूर वाजल्यावरच होत असेल तर बहुधा स्पीकरच्या कंपनाने एखादा भाग थरथरतोय. हेडफोन लावल्यावर ती थांबली की पट्टी निर्दोष.

आणखी एक गोष्ट आवाजाची म्हणून सांगितली जाते, पण असते स्पर्शाची. पट्टी अगदी हळू दाबताना मध्येच खाच लागल्यासारखी वाटते, कधी बारीक टिक असल्यासारखी. ती मुद्दाम बनवलेली असू शकते. तारांच्या पियानोत हातोडी तारेवर आपटायच्या जरा आधी यंत्रणेतून मोकळी होते, म्हणून ती तारेला चिकटून राहत नाही. १७०० च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने बसवलेली ही युक्ती, आणि पियानो हे वाद्य उभं आहे ते तिच्यावरच. डिजिटल पियानोला तिची गरज नाही, पण वादकाच्या बोटाला ओळखीचं वाटावं म्हणून काही मॉडेलांत नक्कल केलेली असते. माहितीपत्रकात 'एस्केपमेंट' किंवा 'लेट-ऑफ' असा शब्द असेल तर ती खाच तुम्ही पैसे देऊन घेतलेली आहे.

एखादा सूर मधेच एकदम मोठ्याने फुटत असेल किंवा वाजतच नसेल, तर तो सेन्सरचा प्रश्न. त्याचा खटखटीशी संबंध नाही. तक्रार मात्र करा.

पायरी ५: स्वाभाविक आवाज कमी कसा करायचा

हजेरीत सगळ्या पट्ट्या एकसारख्या निघाल्या आणि तरी घरचे वैतागलेत, तर काम पियानोच्या बाहेर करायचं आहे.

सुरुवात जमिनीपासून करा. खालच्या मजल्यावर जाणारी धपधप हवेतून जात नाही, ती स्टँडच्या पायांतून फरशीत उतरते. म्हणून खिडक्या-दारं लावून काही होत नाही. पातळ गालिचाही फारसा उपयोगी पडत नाही. जाड, मऊ फोम घालावा असं वाटतं, पण त्यावर स्टँड डुलायला लागतो आणि डुलणारा पियानो आणखी आवाज करतो. चालतं ते असं: फरशीवर दाट रबराचे तुकडे, त्यावर जड प्लायवूडची फळी आणि फळीवर स्टँड. फळी जितकी जड तितकं बरं. खालचं लवचीक रबर आणि वरचं वजन मिळून आघात फरशीपर्यंत पोचायच्या आत बराच गिळतात. तुमचं स्टूल त्या फळीवर ठेवू नका, नाहीतर पायाने ताल धरलात की तोही सगळा खाली जाईल.

स्टँड कुठला आहे त्याने फार फरक पडतो. कात्रीसारखा एक्स आकाराचा स्टँड स्वस्त आणि घडी होणारा, पण जड पट्ट्यांच्या पियानोखाली तो हलतो. चार पायांचा किंवा त्या पियानोसाठीच बनवलेला लाकडी स्टँड पुष्कळ शांत. साध्या टेबलावर पियानो ठेवला असेल तर आधी तोच उतरवून बघा. पोकळ टेबल म्हणजे खटखटीसाठी मोठा डबाच. पियानोची पाठ भिंतीला टेकू देऊ नका, चार बोटं अंतर ठेवा. भिंत शेजाऱ्यांचीही असते.

मग आपले हात. हेडफोनचा आवाज फार बारीक ठेवला की सूर ऐकू यावा म्हणून आपण नकळत ठोकू लागतो. आवाज थोडा वाढवा, कानाला त्रास होणार नाही इतपतच, आणि बोटं आपोआप हलकी पडतील. बोटं पट्टीपासून उंच उचलून आपटण्याऐवजी पट्टीला टेकलेली ठेवून दाबण्याचा सराव करा. मघाशी म्हटलं तसं, तळाला पोचल्यानंतरचं बळ वाया जातं. ते टाळलं की धप्प निम्म्यावर येतो आणि वाजवणंही सुधारतं. सोडतानाही बोट पट्टीबरोबर वर येऊ द्या, झटकू नका. वर येतानाची टक तिथेच मऊ होते.

रात्रीपुरतं पियानोच्या सेटिंगमध्ये टच 'लाइट' करून पाहा. मग कमी जोरातही सूर भरून येतो. मी स्वतः ते दिवसा पुन्हा 'मिडियम'वर आणतो. कायम लाइटवर सराव केला की दुसऱ्याच्या पियानोवर बोटं कमी पडतात.

एवढं करून झालं की घरातल्या कुणाला तरी वाजवायला बसवा आणि तुम्ही शेजारच्या खोलीत जाऊन ऐका. खालच्या मजल्यावर ओळख असेल तर तिथे जाऊन. आपल्या जागेवर बसून हा अंदाज कधीच येत नाही.

इंटरनेटवर पट्ट्यांखाली जादा फेल्ट चिकटवण्याचे उपाय सापडतात. नव्या पियानोवर ते करू नका. पट्टीची खोली कमी होते, सेन्सर नीट दबत नाहीत आणि सूर अर्धवट येऊ लागतात.

पायरी ६: दोष निघालाच तर

पियानो उघडू नका. वॉरंटीचा प्रश्न आहेच, पण आतल्या पट्ट्या ठरावीक क्रमानेच निघतात आणि बसवताना रबराची टोपी जरा दुमडली तरी नवा दोष तयार होतो. कुरकुरीवर स्प्रेचं तेल मारायचा मोह तर अजिबात नको. ते फेल्टमध्ये मुरतं, पसरतं, काही प्लॅस्टिक आणि रबरालाही सोसत नाही, आणि धूळ धरून ठेवतं. मग एका पट्टीची तक्रार दहा पट्ट्यांची होते.

त्यापेक्षा पुरावा गोळा करा. मोबाइल पियानोच्या अंगावर न ठेवता बाजूला, कापडाच्या घडीवर ठेवा. व्हिडिओत आधी चांगली पट्टी तीनदा, मग दोषी पट्टी तीनदा, मग पुन्हा चांगली. अर्धा मिनिट पुरे. पट्टीचा आकडा तोंडाने सांगा. पियानो बंद असताना एक आणि चालू असताना एक, असे दोन व्हिडिओ करा. सोबत पियानोच्या खाली किंवा मागे असलेल्या सिरीयल नंबरचा फोटो, खरेदीची पावती आणि तक्रारीची तारीख. फोनवर बोललात तरी तेच पुन्हा लेखी पाठवा. खोका आणि आतला फोम मुदत संपेपर्यंत टाकू नका. साधा पोर्टेबल पियानोसुद्धा दहा-पंधरा किलोंचा असतो, आणि खोक्याशिवाय तो परत पाठवणं म्हणजे वाटेत आणखी काही मोडून घेणं.

उत्तर बहुधा "हे नॉर्मल आहे" असंच येईल. मलाही तेच आलं होतं, व्हिडिओ पाहायच्या आधीच. तेव्हा वाद न घालता एवढंच विचारा: "बारा पट्ट्या पुढची हीच पट्टी असा आवाज का करत नाही?" याला उत्तर देता येत नाही, म्हणून माणूस पाठवावा लागतो.

सात-आठ पट्ट्या वेगवेगळे आवाज करत असतील आणि परतीची मुदत शिल्लक असेल, तर मी दुरुस्तीच्या भानगडीत न पडता पियानो बदलून मागेन. एक-दोनच असतील तर दुरुस्ती बरी. बदलून येणाऱ्या पियानोतही तिसरीच पट्टी कुरकुरणार नाही याची खात्री नसते.

तंत्रज्ञ आला की वंगण लावेल, गादी बसवेल किंवा पट्टीच बदलेल. तो हत्यारं आवरायला लागला की त्याला थांबवा आणि त्याच्या समोर पियानो बंद करून दुरुस्त पट्टी संथ आणि जोरात, दोन्ही प्रकारे वाजवा. तिच्या दोन्ही बाजूच्या चार-चार पट्ट्याही वाजवा, कारण ती काढताना त्याने शेजारच्याही हलवलेल्या असतात. मग सही करा.